औषध हृदयाची लय बिघडवेल का? सिस्टिम्स बायोलॉजीच्या साहाय्याने अंदाज बांधण्याची रीत

टर्फेनाडिन हे ॲलर्जीवरचे औषध १९८५ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आले, तेव्हा झोप न आणणारी गोळी म्हणून त्याचे मोठे स्वागत झाले. १९९० मध्ये ३९ वर्षांच्या एका स्त्रीची हकीगत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ती टर्फेनाडिनसोबत बुरशीवरचे किटोकोनाझोल घेत होती, तिला घेरी येऊ लागली आणि ईसीजीत ‘टोर्साड द पॉइंट्स’ हा हृदयाच्या लयीचा जीवघेणा प्रकार दिसला. कारण पुढे स्पष्ट झाले. यकृतातील सीवायपी३ए४ हे विकर टर्फेनाडिनचे एरवी झपाट्याने रूपांतर करते, पण किटोकोनाझोल त्याच विकराला अडवते, आणि मग मूळ टर्फेनाडिन रक्तात साचून हृदयपेशींतील ‘हर्ग’ नावाचा पोटॅशियम चॅनेल, म्हणजे पेशीपटलातून पोटॅशियम बाहेर जाण्याची वाट, बंद करते. १९९८ मध्ये हे औषध अमेरिकेतून मागे घेतले गेले. त्याच्यापासून शरीरात तयार होणारे फेक्सोफेनाडिन मात्र आजही निर्धास्तपणे वापरले जाते.

या आणि अशा घटनांनंतर २००५ मध्ये औषधांचे नियम देशोदेशी सारखे करू पाहणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेने एस७बी आणि ई१४ ही दोन मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. पहिल्यात प्रयोगशाळेतील हर्ग चाचणीला मध्यवर्ती स्थान मिळाले, तर दुसऱ्यात माणसांच्या ईसीजीवरील क्यूटी अंतराच्या, म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून हृदयपेशी पूर्वस्थितीला येईपर्यंतच्या काळाच्या, काटेकोर मोजणीला. त्यामुळे धोकादायक औषधे बाजारात येणे जवळपास थांबले, आणि ते यश मोठे आहे. परंतु त्याची किंमतही मोजावी लागली, कारण हर्ग चॅनेल अडवणारे प्रत्येक संयुग संशयित ठरू लागले आणि त्यांतली कितीतरी प्रत्यक्षात निरुपद्रवी असूनही सुरुवातीलाच टाकून दिली गेली. व्हेरापामिल हे रक्तदाबावरचे औषध हर्ग चॅनेल अडवते, तरी त्याने टोर्साड जवळजवळ होत नाही. रॅनोलाझिन क्यूटी अंतर वाढवते, तरी छातीतील कळांसाठी ते भारतातही सर्रास दिले जाते. एका चॅनेलचा एक आकडा पाहून सुरक्षिततेचा निवाडा करता येत नाही, कारण लय बिघडते ती अनेक प्रवाहांच्या परस्परसंबंधातून. म्हणून ते सगळे प्रवाह एकत्र मांडून मानवी हृदयपेशीचे गणित सोडवावे लागते, आणि सिस्टिम्स बायोलॉजी नेमके हेच करते.

जुलै २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या आवारात झालेल्या बैठकीतून ‘सिपा’ हा, औषधाने लय बिघडण्याचा धोका अनेक चॅनेल एकत्र पाहून तपासण्याचा उपक्रम सुरू झाला, आणि खालील पायऱ्या बऱ्याच अंशी त्याच्याच चौकटीवर आधारलेल्या आहेत. औषधनिर्माणशास्त्र, जैवमाहितीशास्त्र किंवा जैवभौतिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला, तसेच छोट्या संशोधन गटाला, साध्या लॅपटॉपवर हे काम सुरू करता येते. प्रारूपे (गणिती मॉडेल) आणि आज्ञावली (प्रोग्रॅम) खुल्या आहेत. कस लागतो तो आकडे गोळा करण्यात आणि त्यांचा अर्थ लावण्यात.

पहिली पायरी: प्रश्न नेमका मांडणे

‘हे औषध हृदयाला सुरक्षित आहे का?’ हा प्रश्न गणिताला फार ढोबळ पडतो. हृदयस्नायूंची इजा, रक्तदाबातील बदल, झडपांचे विकार आणि लयीचा बिघाड या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि इथे मांडलेली पद्धत फक्त चौथ्या गोष्टीबद्दल बोलते. म्हणून प्रश्न असा लिहावा: ‘अमुक मात्रेत, अमुक रुग्णांत, रक्तात गाठल्या जाणाऱ्या कमाल मुक्त (प्रथिनांना न बांधलेल्या) प्रमाणाला आणि त्याच्या काही पटींना, हे संयुग टोर्साडचा धोका कमी, मध्यम की जास्त गटात मोडते?’ हे वाक्य कामाच्या वहीत पहिल्या पानावर असावे, कारण पुढे उत्तर मनाजोगते आले नाही की प्रश्न हळूच बदलण्याचा मोह होतो.

दुसरी पायरी: चॅनेलांची मापने गोळा करणे

निलयाच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या, पेशीचा प्रत्येक ठोका ही आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रवाहांची रस्सीखेच असते. सोडियम आत शिरतो आणि पेशी उत्तेजित होते, कॅल्शियम आत येत राहतो म्हणून ती उत्तेजना काही काळ टिकते, आणि पोटॅशियम बाहेर पडू लागला की पेशी पूर्वस्थितीला येते. हर्ग बंद झाला तर हे पूर्वस्थितीला येणे लांबते. त्या लांबलेल्या वेळात एल-प्रकारचे कॅल्शियम चॅनेल पुन्हा उघडू शकतात आणि ठोका संपण्याआधीच पेशीत दुसरी उसळी येते. टोर्साडची ठिणगी इथे पडते. हे लक्षात घेतले की व्हेरापामिलचे कोडे सुटते, कारण जो कॅल्शियम प्रवाह ही उसळी आणणार, तोच व्हेरापामिल अडवून ठेवते. रॅनोलाझिनच्या बाबतीत हे काम ठोक्यादरम्यान रेंगाळणारा ‘विलंबित सोडियम प्रवाह’ अडवल्याने साधते.

त्यामुळे हर्ग, एल-प्रकारचा कॅल्शियम प्रवाह आणि विलंबित सोडियम प्रवाह या तिघांची मापने किमान हवीतच. प्रत्येकासाठी दोन आकडे लागतात: प्रवाह निम्मा होण्यासाठी लागणारे औषधाचे प्रमाण, म्हणजे आयसी५०, आणि परिणामाच्या आलेखाचा चढ दाखवणारा हिल गुणांक. प्रसिद्ध आकडे शोधनिबंधांत आणि ‘केम्बल’ या खुल्या माहितीसाठ्यात मिळतात, पण एकाच संयुगाचा हर्गसाठीचा आयसी५० दोन प्रयोगशाळांत कित्येक पटींनी वेगळा आढळतो. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी चार गोष्टी नोंदवाव्यात: मापन खोलीच्या तापमानाला झाले की ३५ ते ३७ अंशांना, पेशीला दिलेला विद्युतदाबाचा क्रम कोणता होता, ज्ञात औषध तुलनेसाठी वापरले होते का, आणि द्रावणातील औषधाचे प्रमाण प्रत्यक्ष मोजले होते की फक्त कागदावरचे धरले होते. चौथी गोष्ट सर्वाधिक दुर्लक्षित राहते. चरबीत विरघळणारी संयुगे प्लास्टिकच्या नळ्यांना चिकटतात, पेशीपर्यंत कमी औषध पोहोचते, आणि संयुग आहे त्यापेक्षा सौम्य भासते. सुरक्षिततेच्या अंदाजात याहून घातक चूक नाही. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकत्र करून त्यांची सरासरी काढण्यापेक्षा, एकाच पद्धतीने घेतलेला एक पूर्ण संच निवडणे मला अधिक विश्वासार्ह वाटते.

तिसरी पायरी: रक्तातील मुक्त प्रमाण काढणे

औषधाचा बराचसा भाग रक्तातील प्रथिनांना बांधलेला असतो आणि चॅनेलपर्यंत फक्त मुक्त भाग पोहोचतो. समजा, एका काल्पनिक संयुगाचे रक्तातील कमाल प्रमाण मिलिलिटरला ४०० नॅनोग्रॅम आहे आणि त्याचा रेणुभार ५०० आहे. भागाकार केल्यावर हे प्रमाण ८०० नॅनोमोलर येते. त्यातील ५ टक्केच मुक्त असेल, तर गणितात घ्यायचा आकडा ४० नॅनोमोलर. या संयुगाचा हर्गसाठीचा आयसी५० ६०० नॅनोमोलर असेल, तर अंतर १५ पटींचे पडते, आणि उद्योगात रूढ असलेल्या ३० पटींच्या ढोबळ मर्यादेपेक्षा ते कमी आहे. मुक्त भागाचा विचार न करता ८०० नॅनोमोलर घेतले असते, तर हेच संयुग भयंकर ठरले असते.

आता टर्फेनाडिनचा धडा इथे लावावा. संयुग सीवायपी३ए४ मार्गे निकामी होत असेल आणि ते विकर अडवणाऱ्या औषधाने त्याचे प्रमाण पाचपट होणार असेल, तर ४० चे २०० नॅनोमोलर होतात आणि अंतर अवघ्या ३ पटींवर येते. असे वाढीव प्रमाण काढण्यासाठी शरीरातील अवयव, रक्तप्रवाह आणि विकरे यांचे एकत्र प्रारूप लागते. ‘पीके-सिम’ या मुक्त संगणक-प्रणालीत ते उभारता येते. नेहमीच्या मात्रेचे प्रमाण आणि वाईटात वाईट परिस्थितीतील प्रमाण असे दोन्ही आकडे या पायरीच्या शेवटी हातात असावेत.

चौथी पायरी: पेशीचे प्रारूप निवडणे आणि ते तपासणे

हृदयपेशींच्या गणिती प्रारूपांची परंपरा जुनी आहे. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये चेतातंतूची समीकरणे मांडली, आणि डेनिस नोबल यांनी १९६० च्या सुमारास ती रीत हृदयपेशीला लावली. आजच्या कामासाठी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले ओहारा-रूडी प्रारूप हा उत्तम प्रारंभबिंदू आहे. ते शंभराहून अधिक निरोगी मानवी हृदयांवरील मापनांवर बेतलेले असून त्यात ४१ चल राशी आहेत. सिपाने त्याचीच सुधारित आवृत्ती वापरली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘टॉर-ओआरडी’ हे त्याच घराण्यातील पुढचे प्रारूप.

समीकरणे स्वतः टंकण्याचा हट्ट करू नये. सेलएमएल स्वरूपातील प्रारूपे फिझिओम संग्रहात उपलब्ध आहेत, सिपाची आज्ञावली गिटहबवर खुली आहे, आणि पायथन येणाऱ्यांसाठी ‘मायोकिट’ सोयीचे आहे. प्रारूप उतरवून घेतल्यावर आधी औषधाविना चालवावे. मिनिटाला ६० ठोके दिल्यावर हृदयाच्या आतील थरातल्या पेशीचा ठोका ९० टक्के ओसरायला ओहारा-रूडी प्रारूपात साधारण २७० मिलिसेकंद लागतात. आपला आकडा याच्या आसपास नसेल, तर एककांत किंवा सुरुवातीच्या मूल्यांत गडबड आहे असे समजावे आणि ती सापडेपर्यंत औषधाकडे वळू नये.

पाचवी पायरी: औषधाचा परिणाम प्रारूपात घालणे

सर्वांत सोपी रीत अशी: औषधाच्या मुक्त प्रमाणाला आयसी५० ने भागावे, त्याचा हिल गुणांकाइतका घात करावा, त्यात १ मिळवावा आणि १ ला त्या बेरजेने भागावे. आलेला अपूर्णांक म्हणजे शिल्लक राहिलेला प्रवाह, आणि प्रारूपात त्या चॅनेलच्या वाहकतेला त्याने गुणायचे.

दोन खरी औषधे घेऊन पाहू. डोफेटिलाइड हे टोर्साडच्या मोठ्या धोक्याचे औषध, आणि त्याचे मुक्त कमाल प्रमाण सिपाने २ नॅनोमोलर धरले आहे. हर्गसाठी त्याचा आयसी५० सुमारे ५ नॅनोमोलर आणि हिल गुणांक १ धरला, तर २ भागिले ७, म्हणजे हर्ग प्रवाहाचा साधारण २९ टक्के भाग अडतो. बाकीचे प्रवाह या प्रमाणाला जवळपास अबाधित राहतात. व्हेरापामिलचे मुक्त कमाल प्रमाण ८१ नॅनोमोलर. हर्गसाठी आयसी५० सुमारे २९० आणि कॅल्शियमसाठी सुमारे २०० नॅनोमोलर धरल्यास हर्ग २२ टक्के आणि कॅल्शियम प्रवाह २९ टक्के अडतो. फक्त हर्गचा रकाना पाहणाऱ्याला २९ आणि २२ यांत जेमतेम फरक दिसेल आणि तो दोन्ही औषधांना एकाच पंक्तीत बसवेल. कॅल्शियमचा रकाना शेजारी ठेवला की एक औषध जास्त धोक्याच्या गटात का आणि दुसरे कमी धोक्याच्या गटात का, हे उलगडते. नवख्या अभ्यासकाने हे गणित एकदा तरी कागदावर हाताने करावे असा माझा आग्रह आहे.

या सोप्या रीतीची एक मर्यादा मात्र आहे. काही औषधे चॅनेल उघडा असताना आत शिरतात आणि चॅनेल मिटल्यावर आतच अडकून पडतात, तर काही लगेच बाहेर निसटतात. डोफेटिलाइड अडकणाऱ्यांपैकी आहे. दोन औषधांचा आयसी५० सारखा असला तरी ठोक्यांचा वेग बदलल्यावर त्यांचा परिणाम निराळा होतो तो यामुळे. म्हणून सिपाच्या आवृत्तीत हर्ग चॅनेलच्या उघड्या, मिटलेल्या आणि औषध अडकलेल्या अवस्था स्वतंत्रपणे मांडल्या आहेत. त्यासाठी काळानुसार बदलणाऱ्या अडथळ्याची मापने लागतात. ती नसतील तर सोपी रीत वापरावी आणि तसे अहवालात स्पष्ट लिहावे.

सहावी पायरी: प्रारूप चालवणे आणि काय मोजायचे ते ठरवणे

टोर्साड मंद ठोक्यांत अधिक उद्भवते, म्हणून सिपात दोन ठोक्यांमधील अंतर २००० मिलिसेकंद ठेवले जाते आणि प्रत्येक प्रमाणाला १००० ठोके चालवून पेशी स्थिरावू दिली जाते. पन्नाससाठ ठोक्यांनंतर आलेख स्थिर भासतो, पण पेशीतील सोडियम आणि पोटॅशियमची पातळी तेव्हाही हळूहळू सरकत असते.

ठोक्याची लांबी मोजणे सोपे असले तरी ती पुरेशी नाही, कारण रॅनोलाझिननेही ती वाढते. सिपाने निवडलेले माप ‘क्यूनेट’ आहे. एका ठोक्याच्या काळात सहा प्रवाहांतून, म्हणजे एल-प्रकारचा कॅल्शियम, विलंबित सोडियम आणि चार पोटॅशियम प्रवाहांतून, वाहिलेल्या विद्युतभाराची ही निव्वळ बेरीज होय. पोटॅशियम बाहेर जातो म्हणून तो धन धरला जातो, आत येणारे प्रवाह ऋण. हर्ग अडला की क्यूनेट घटतो आणि कॅल्शियम किंवा विलंबित सोडियम अडला की सावरतो, त्यामुळे पेशीकडे पूर्वस्थितीला येण्याची किती ताकद शिल्लक आहे हे या एका राशीतून कळते. कमाल मुक्त प्रमाणाच्या १ ते ४ पटींना आलेल्या क्यूनेटची सरासरी हा त्या औषधाचा गुण, आणि तो जितका कमी तितका धोका जास्त. याशिवाय प्रमाण आणखी वाढवत नेऊन मध्येच उसळी येते का, तेही पाहावे.

सातवी पायरी: अनिश्चितता मोजणे

एक आयसी५०, एक उत्तर, एक निष्कर्ष अशी मांडणी दिसायला नेटकी असते, पण तिच्यावर रुग्णाचा जीव सोपवू नये. मापनातील विखुरणीवरून प्रत्येक आयसी५० आणि हिल गुणांकाचे शक्य असलेले अनेक नमुने तयार करावेत. सिपात प्रत्येक औषधासाठी असे २००० नमुने घेतले गेले. प्रत्येक नमुन्याला प्रारूप चालवले की एका गुणाऐवजी गुणांचा पट्टा मिळतो. पट्टा अरुंद असून एकाच गटात बसला तर निष्कर्ष भक्कम. तो कमी आणि मध्यम अशा दोन्ही गटांवर पसरला, तर प्रामाणिक उत्तर ‘मापने अपुरी आहेत’ हेच असते, आणि कोणत्या चॅनेलची मापने पुन्हा घ्यायची तेही त्या पट्ट्यावरूनच ठरवता येते. अशा वेळी प्रयोगशाळेचा खर्च नेमका कुठे करावा हे कळणे, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा व्यावहारिक लाभ आहे असे मी मानतो.

आठवी पायरी: ज्ञात औषधांवर पारखणे

सिपाने धोका आधीच माहीत असलेली २८ औषधे निवडली. त्यांतील १२ औषधांवर प्रारूप आणि गटांच्या सीमारेषा ठरवल्या, आणि उरलेल्या १६ औषधांना हात न लावता त्यांच्यावर कसोटी घेतली. ही शिस्त आपणही पाळावी. आपल्या प्रयोगशाळेच्या मापनांवर डोफेटिलाइड, सोटॅलॉल, व्हेरापामिल, डिल्टियाझेम यांसारखी औषधे आधी चालवावीत आणि ती योग्य गटांत पडतात का ते पाहावे. मापनाची पद्धत बदलली की सीमारेषाही सरकतात, म्हणून दुसऱ्याच्या सीमारेषा आपल्या आकड्यांना जशाच्या तशा लावू नयेत. कसोटीत एखादे औषध चुकीच्या गटात पडले तर त्याच औषधाकडे पाहून सीमारेषा हलवणे, हे परीक्षेनंतर उत्तरपत्रिका दुरुस्त करण्यासारखे आहे.

नववी पायरी: सरासरी पेशीपलीकडचे रुग्ण

औषधांमुळे होणाऱ्या टोर्साडच्या रुग्णांत साधारण दोन तृतीयांश स्त्रिया असतात. रक्तातील पोटॅशियम घटलेले, हृदय निकामी होत चाललेले आणि जन्मतः लांब क्यूटी असलेले रुग्ण अधिक धोक्यात असतात. एकाच सरासरी पेशीवर काढलेला निष्कर्ष या सर्वांना लागू धरता येत नाही. त्यासाठी प्रवाहांच्या वाहकता शक्य त्या मर्यादेत बदलून शेकडो निरनिराळ्या पेशींचा समूह तयार करतात आणि औषध त्या सर्वांवर चालवतात. ऑक्सफर्डच्या गटाने २०१७ मध्ये अशा समूहावर ६२ संयुगे तपासली आणि धोक्याचा अंदाज ८९ टक्के अचूक आला, जो सशाच्या हृदयावरील प्रयोगांपेक्षा सरस होता.

आपल्याकडील परिस्थितीत ही पायरी वगळू नये. उलट्यांनी बेजार झालेल्या रुग्णाच्या शरीरातून पोटॅशियम गेलेला असतो, आणि नेमके त्यालाच ओंडान्सेट्रॉन किंवा डोम्पेरिडोन दिले जाते. सोबत संसर्गावर क्लॅरिथ्रोमायसिन सुरू असेल, तर ते डोम्पेरिडोनचा निचरा करणारे सीवायपी३ए४ अडवते. ही तिन्ही औषधे सिपाच्या मध्यम गटात आहेत. एकेकटी, सामान्य मात्रेत आणि बहुसंख्य रुग्णांत ती उपयुक्तच आहेत. पण घटलेला पोटॅशियम, डोम्पेरिडोन आणि क्लॅरिथ्रोमायसिन या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर काय होते, हे निरोगी पेशीवर एकच औषध चालवून कधीच कळणार नाही. रक्तातील पोटॅशियम कमी करून, हर्ग आणि इतर चॅनेलांवर दोन्ही औषधांचा एकत्रित अडथळा घालून आणि डोम्पेरिडोनचे वाढीव प्रमाण घेऊन प्रारूप पुन्हा चालवणे हे एका दुपारचे काम आहे. सिसाप्राइड या पोटाच्या तक्रारींवरच्या, पण हर्ग अडवणाऱ्या औषधावर भारतात २०११ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या वर्षांत हे गणित सहज करता आले असते तर, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

दहावी पायरी: प्रत्यक्षाशी ताडून अहवाल लिहिणे

संगणकातील उत्तर स्टेम पेशींपासून वाढवलेल्या मानवी हृदयपेशींवर तपासावे. प्रारूपात न घेतलेला एखादा परिणाम, उदाहरणार्थ चॅनेल पेशीपटलापर्यंत पोहोचूच न देणारे औषध, तिथे उघड होऊ शकते. मात्र या पेशी अपरिपक्व असतात हे ध्यानात ठेवावे. त्यानंतर पहिल्या टप्प्यातील मानवी चाचणीच्या ईसीजीत क्यूटीबरोबर त्यातील जे-टीपीक हे सुरुवातीचे अंतरही मोजावे. निव्वळ हर्ग अडवणाऱ्या औषधाने ते वाढते, तर कॅल्शियम किंवा विलंबित सोडियमही अडत असेल तर बहुधा वाढत नाही, त्यामुळे प्रारूपाचा दावा माणसात पडताळता येतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आयसीएचने ई१४ आणि एस७बी यांवरील प्रश्नोत्तरे अंतिम केली, आणि हर्ग मापनाच्या उत्तम पद्धतींबरोबरच अशा प्रारूपांकडून काय अपेक्षित आहे तेही त्यांत सांगितले आहे. अहवालात प्रारूपाची नेमकी आवृत्ती, प्रत्येक मापनाचा उगम आणि तापमान, मुक्त प्रमाण काढण्याची रीत, आधी ठरवलेल्या सीमारेषा, ज्ञात औषधांवरील निकाल आणि अनिश्चिततेचा पट्टा हे सर्व द्यावे, आणि आज्ञावली अशी जोडावी की दुसऱ्याला ती चालवून तेच आकडे मिळतील. पहिल्या टप्प्यात रक्तातील खरे प्रमाण हाती आले की ते तिसऱ्या पायरीत घालून पुढचे सर्व गणित नव्याने करावे. प्राण्यांवरून बांधलेला अंदाज आणि माणसातील प्रमाण यांत तफावत असतेच, आणि दुसऱ्या टप्प्यातील मात्रा ठरण्याआधी सुधारित पट्टा डॉक्टरांच्या हाती असायला हवा.